कागदावर मुडदा कसा पाडायचा, आणि तो विकायचा कसा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, ताई मला पण रहस्यकथा लिहायचीय, स्वतःच छापायचीय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. माझी चार पुस्तकं झालीत. सकाळी एका टॅक्सवाल्यांकडे अकाउंट्स बघते आणि दुपारी तीननंतर खून करते. मोठी लेखिका वगैरे नाही, पण चार वेळा हात पोळलेत त्यामुळे चटका कुठे बसतो ते माहितीय.

मी लिहिते त्याला कोझी मिस्ट्री म्हणतात. मुडदा पडतो पण रक्त पानावर येत नाही, शोध लावणारा पोलिस नसतो, आपल्यातलंच कुणीतरी असतं, आणि खुनी पण ओळखीतलाच निघतो कारण गल्लीच एवढीशी. कापाकापी नाही, घाण शिव्या नाहीत. सासूने वाचून सुनेला देता आलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन माणूस आधी खून शोधत बसतो, कसा मारला, कशाने मारला, आणि मग त्यात माणसं कोंबतो. तुम्ही आधी गल्ली ठरवा. वाचक पहिलं पुस्तक खुनासाठी घेतो पण दुसरं घेतो ते त्या बाईला परत भेटायला, त्यामुळे बाई आणि गल्ली अशी पाहिजे की तिथे चार-पाच पुस्तकं मुक्काम करता येईल. माझी मंदाताई जुन्या नाशकात एका वाड्याच्या ओट्यालगत फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. हा धंदा का निवडला, तर तिच्याकडे सगळ्या थरातल्या बायका येतात, माप देताना गप्पा मारतात, आणि कुणाचं वजन उतरलं, कुणाची पाटली हातातून गेली, हे तिला टेप गळ्यात असतानाच कळतं. पोस्टमन, पोळीभाजी केंद्रवाली, सोसायटीचा वॉचमन, कुणीही चालेल, फक्त त्याला रोज दहा घरचं कानावर पडलं पाहिजे. कॉलेजातली हुशार मुलगी लॅपटॉपवर शोध लावते असली कथा मी पण लिहून बघितली, वीस पानांत मलाच कंटाळा आला.

धागादोरा त्या धंद्यातूनच यायला हवा. माझ्या दुसऱ्या पुस्तकातला सांगते, ते बऱ्याच जणांनी वाचलंय म्हणून फोडायला हरकत नाही. एक बाई पोलिसांना सांगते की त्या दिवशी मी मंदाताईंकडून फॉल लावून आणलेली साडीच नेसले होते. साडी एकदा धुतलेली असते आणि खालचा काठ चुण्या पडून गोळा झालेला असतो. आता ज्यांनी साड्या वापरल्यात त्यांना कळेल, सुती फॉल न भिजवता तसाच लावला की पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडी ओढली जाते. आणि मंदाताई तर रोज सकाळी बादलीत फॉल भिजत घालते, ते मी तिसऱ्या पानावर लिहिलंय, चौदाव्यावर परत लिहिलंय, एकदा तर त्या बादलीला मांजर धडकतं. पोलिस म्हणतात, "मंदाताई, तुम्ही ब्लाउज शिवा ना, आम्ही बघतो." ती म्हणते, "बघा की साहेब. पण ती साडी जरा उलटी करून बघा." झालं, बाई खोटं बोलतेय.

म्हणजे धागा उघड्यावर ठेवायचा पण त्याच्यावर काहीतरी गंमत टाकायची, वाचक मांजराकडे बघून हसतो आणि बादली विसरतो. शेवटी कळल्यावर त्याला वाटलं पाहिजे की अरे हे मला माहिती होतं! वाचकाला न सांगितलेली गोष्ट शेवटच्या पानावर काढणं म्हणजे फसवणूक, पैसे परत मागतील लोक.

जागा. नाशिकमध्ये राहून मुंबईतला खून कशाला लिहायचा हे मला कधीच कळलं नाही. आपल्याकडे रहाडी आहेत बाबा! पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेले, रंगपंचमीला उघडतात आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. एखाद्याच्या कॉलरला कुठला रंग लागलाय यावरून तो कुठल्या चौकात होता ते कळतं, अजून काय पाहिजे. आणि रहाड उघडली आणि आत काहीतरी सापडलं, हे तर मी अजून वापरलेलं नाही, कुणी ढापू नका.

पण जागा ओळखीची असली की चूक पण लगेच पकडली जाते. पहिल्या पुस्तकात पुराची रात्र होती. नाशिककरांना पूर किती हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं, कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की मारुतीच्या छातीला पाणी लागलं आणि पुढच्याच परिच्छेदात नायिका भांडी बाजारातून चालत घरी गेली. पंचवटीतल्या एका आजोबांचा फोन आला, "मारुतीच्या छातीला पाणी म्हणजे भांडी बाजारात आधीच शिरलेलं असतं, तुमची बाई पोहत गेली का?" त्यानंतर मी प्रत्येक सीनसाठी खरंच त्या रस्त्याने चालून बघते, घड्याळ लावून. रविवार कारंज्यापासून गोदाघाटापर्यंत संशयित किती मिनिटांत जातो हे कथेसाठी लागतं, आणि येताना भाजी पण होते.

पोलिसांचं थोडंतरी खरं ठेवा. संशयास्पद मुडदा सापडला की लगेच खुनाचा गुन्हा नोंदवला जातो असं नाही, बऱ्याचदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा, मग सिव्हिलला पोस्टमॉर्टेम. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, लॅबला जातो आणि त्याचा रिपोर्ट टीव्हीवरच्यासारखा रात्रीत येत नाही. हा उशीर आपल्या फायद्याचा, कारण तेवढ्या वेळात मंदाताईला काम आहे. १ जुलै २०२४ पासूनची कथा असेल तर ३०२ लिहू नका, आता भारतीय न्याय संहितेत खुनाला कलम १०३ आहे. अजून लोक सवयीने तीनशे दोनच म्हणतात, त्यामुळे पात्राच्या तोंडी चालेल, पण हवालदाराने कागदावर लिहिलं तर चूक. आणि हद्द बघा, नाशिक शहराला पोलिस आयुक्तालय आहे, त्र्यंबकेश्वरला मुडदा पाडलात तर तो ग्रामीणकडे जातो. दोन्हीकडचे साहेब एकमेकांवर ढकलतात असा एक सीन फुकटात मिळतो.

लिहायची पद्धत सांगण्यासारखी विशेष नाही. मी शेवट आधी लिहिते, खुनी कोण, का, आणि कुठल्या चुकीने सापडला. मग एका जुन्या खातेवहीत रकाने पाडते, कोण, कुठल्या दिवशी, कुठे, आणि त्याला काय माहिती. संशयित चार किंवा पाच, सहावा आला की मला स्वतःला नावं आठवत नाहीत. रोज सहाशे-सातशे शब्द, फोनवर बोलून टाईप करते आणि मग शुद्धलेखन दुरुस्त करते. ४५ हजार शब्द झाले की थांबते, त्याची डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकारात १७६ पानं होतात.

हा १७६ आकडा उगाच नाही. छपाई १६ पानांच्या फॉर्मवर चालते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापतात, आणि १७६ म्हणजे बरोबर ११ फॉर्म. १८० पानं केलीत तर चार पानांसाठी जास्तीचा खर्च, म्हणून आधी प्रिंटरला विचारा आणि मग मनोगत लांबवा किंवा कापा. आतला कागद ७० जीएसएम (कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर घ्या, पांढराशुभ्र डोळ्याला टोचतो. प्रती थोड्या असतील तर डिजिटल, पाचशेच्या वर गेलात तर ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई परवडते. पण पहिल्यांदा पाचशे छापू नका हो. मी छापल्या, पलंगाखाली ठेवल्या, पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्याला ओल धरली आणि वरच्याला कसर लागली.

डीटीपीबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावण्याबद्दल मात्र नीट ऐका, इथेच सगळे रडतात. तुम्ही फोनवर युनिकोडमध्ये लिहिता. काही डीटीपीवाले अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात आणि तुमची फाईल कन्व्हर्ट करून घेतात. त्यात र्‍याचा पार चुथडा होतो. माझ्या पुस्तकात सगळीकडे "दुस-या", "कोप-यात", "सा-या" असं आलं, रफार भलत्याच अक्षरावर गेले, आणि मी स्क्रीनवर चाळून ओके म्हणून बसले होते. त्यामुळे काम देण्याआधीच विचारायचं की युनिकोडमध्येच लावणार ना, पानं लावायला इनडिझाईन सॉफ्टवेअर असेल तर त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना, त्याशिवाय जोडाक्षरं नीट येत नाहीत. आणि प्रूफ कागदावर काढून वाचायचं, एकदा तुम्ही आणि एकदा अशा माणसाने ज्याने गोष्ट वाचलेली नाही. त्यालाच हळूच विचारायचं, खुनी कोण वाटला? पन्नासाव्या पानाला ओळखला तर परत खातेवही उघडा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाईन अर्ज करायचा. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ते त्याच्या फॉर्म भरण्याचे आहेत. मुखपृष्ठावर सुरा, रक्त, काळी बाई असलं काही नको, वाचकाला वाटतं भुताचं आहे. माझ्या कव्हरवर शिलाई मशीन, मांजर आणि खिडकीतून दिसणारा घाट, चित्र काढून घेतलेलं. चारही पुस्तकांना चित्रकार तोच, नावाची जागा तीच, म्हणजे टेबलावर ठेवली की एका घरातली वाटतात.

ई-बुकला केडीपीवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या स्वतः पुस्तक टाकायच्या सोयीवर, मराठी चालतं. एक गोम आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. आणि सिलेक्टमध्ये गेलात की ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, प्रतिलिपी या कथा वाचायच्या अ‍ॅपवर पण नाही. मी असं करते की मंदाताईच्या छोट्या कथा प्रतिलिपीवर, कादंबऱ्या केडीपीवर. ९० दिवसांत पाच दिवस फुकट देता येतं, ते पहिल्या पुस्तकासाठी वापरा, तेही दुसरं विकायला ठेवल्यानंतर. रिव्ह्यू नात्यातल्यांना लिहायला सांगू नका, अ‍ॅमेझॉनच्या नियमात ते बसत नाही आणि काढून टाकतात. माझ्या नणंदेचा पाच स्टारचा असाच गेला, ती अजून मला बोलते.

आता विक्री. पुस्तकाच्या दुकानात ठेवायचं तर मला ४० टक्के कमिशन मागितलं, म्हणून छापील किंमत खर्चाच्या तिप्पट तरी पाहिजे, नाहीतर पुस्तक विकून आपणच पैसे देतोय असं होतं. फेसबुकच्या जाहिरातींवर मी एकदा पैसे घातले, लाईक आले, पुस्तकं तिथेच. जे चाललं ते वेगळंच.

हळदीकुंकू. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक घरी वाण लागतं आणि प्लास्टिकच्या डब्या सगळ्यांकडे झाल्यात. मी मंदाताईची एक छोटी कथा ३२ पानांची, सेंटर पिन मारून छापली आणि पंचवीसच्या गठ्ठ्यात विकायला काढली. पहिल्या वर्षी इंदिरानगरमधल्या तिघींनी घेतले, पुढच्या वर्षी भिशीतून भिशीत गेलं. कथा पूर्ण द्यायची, अर्धवट ठेवून "पुढे पुस्तकात वाचा" केलंत तर बायका चिडतात, आणि बरोबर आहे त्यांचं. मागच्या पानावर फक्त पुस्तकांची नावं आणि नंबर. ऑर्डरी डिसेंबरातच येतात त्यामुळे नोव्हेंबरअखेर माल घरात पाहिजे.

त्या नंबरवर "मंदाताई" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला की मी ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये घालते, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. ग्रुप करू नका, तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगची फुलं सुरू होतात. एका ब्रॉडकास्ट लिस्टला २५६ जणांची मर्यादा आहे आणि समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून पानावर ठळक छापायचं, आधी नंबर सेव्ह करा. महिन्यातून एकच मेसेज, त्यात विकायचं काही नाही, मंदाताईच्या गल्लीतली एखादी बातमी. नवीन पुस्तक आलं की मगच किंमत.

वाचनालयं सोडू नका. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, आणि वाचनालयात देवघेव करणाऱ्या माणसाला कोण काय नेतं ते तोंडपाठ असतं. दोन प्रती द्या, चहा प्या, परत जा. एका छोट्या वाचनालयातून माझी प्रत बघायला घेतली तर पहिल्याच पानावर कुणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलेलं, "खुनी भाचा आहे". नशीब, चुकीचं होतं.

पैशाचं विचाराल तर चार पुस्तकांवर महिन्याचं दुधाचं बिल निघतं, जानेवारीत किराणा पण. नोकरी सोडू नका.

आणि ज्या धंद्यावर लिहिताय त्या धंद्यातल्या माणसाला छापायच्या आधी वाचायला द्या. मी दिलं नव्हतं. माझ्या ब्लाउजवाल्या ताईंना दुसरं पुस्तक छापून झाल्यावर नेऊन दिलं, त्यांनी चष्मा लावून बादलीचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "भिजवते ते बरोबर लिहिलंस गं, पण वाळल्यावर मी इस्त्री पण करते, ते कुठंय?" दुसऱ्या आवृत्तीत इस्त्री घातलीय, पान चौदा.