चार डबे घेतले तरी वास येतोय? या चुका टाळा

१ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू, ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि स्पेशल केअर (बल्ब, जुन्या गोळ्या वगैरे) असे चार भाग करायचे, हे कळल्याबरोबर आमच्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर रंगीत डब्यांच्या लिंका पडायला लागल्या. घ्या बापडे. पण २०१६ च्या नियमात तीन भाग सांगितलेले, ते तरी कुठं जमले होते? इतकी वर्षं तेच ते घोळ निस्तरतोय, आणि बहुतेकांचं मूळ एकच निघतं, ओल्यातलं पाणी. डब्याचा रंग बदलून ते जात नाही.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ओला कचरा पिशवीत भरून वर गच्च गाठ. विचारलं की म्हणतात, अहो वेगळाच तर दिलाय. अहो पण खताला प्लास्टिक चालत नाही, मग ती गाठ घंटागाडीवरच्या दादानेच फोडायची ना? एकदा माझ्यासमोर त्याने अशी पिशवी फाडली, तर रविवारच्या मिसळीची तर्री, पावाचे तुकडे आणि त्यात दाढीचं ब्लेड. बोट कापलं. बिचाऱ्याने फडकं गुंडाळलं आणि पुढच्या बिल्डिंगसमोर घंटी वाजवायला गेला. मी काय करतो, सिंकमध्ये एक जुनी चाळणी कायमची ठेवलीये. चहाचा चोथा, साली, ताटातलं उरलेलं सगळं तिच्यात रात्रभर निथळतं, सकाळी सरळ डब्यात आणि डबा गाडीत उपडा. पिशवी नाहीच. डबा धुवायचा कंटाळा येत असेल तर तळाला पेपर टाका.

आता ड्रमची गोष्ट. आमच्याकडे सोसायटीतच खत करायचं ठरलं, २०० लिटरचा निळा ड्रम आला, ऐन श्रावणात. उपासाचे दिवस, केळीच्या साली, उरलेली साबुदाण्याची खिचडी, पूजेची फुलं, सगळं आत आणि वरून झाकण घट्ट, का तर वास नको. चौथ्या दिवसापासून एक काका रोज विचारायचे, झालं का खत? बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा भपकारा आणि पांढऱ्या अळ्या भिंतीवरून थेट एकाच्या नव्या गाडीपर्यंत. दोन घरांनी वर्गणी परत मागितली. अळ्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं खरं तर, बिघडलं होतं ते आत हवाच नव्हती म्हणून. शेवटी सगळा माल ताडपत्रीवर ओतला, वखारीतून लाकडाचा भुसा आणून कालवला, ड्रमला खाली आणि बाजूने भोकं पाडली, तेव्हा आठवड्याभरात वास गेला.

तेव्हापासून माझा हिशोब म्हणजे एक बादली ओलं तर दोन बादल्या सुकं, म्हणजे भुसा किंवा सुका पाला, सुक्याच्या डब्यातलं प्लास्टिक नव्हे. मूठभर घेऊन दाबायचं, बोटांमधून पाणी ठिबकलं तर अजून सुकं घाला. सुका पाला मी पानगळीतच पोत्यात भरून ठेवतो, कारण पावसाळ्यात तो मिळत नाही, लोक मार्चमध्ये तोच पाला जाळतात (जाळायला बंदी आहे तरी) आणि ऑगस्टमध्ये भुसा विकत आणतात. ज्यांना पंधरा दिवसात खत पाहिजे त्यांनी नर्सरीत जावं. दीड-दोन महिने लागतातच, आणि खत कुजवायच्या पावडरीचं पाकीट दुप्पट ओतलं म्हणून काही घाई होत नाही.

बाकीच्या चुका पटापट. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही, अर्धवट कापा, लोंबता राहू द्या. पिशवी विसळून वाळवा, ओली दिली की बाकीची रद्दी पण भिजते. तेलकट पिझ्झाचा खोका चांगल्या पुठ्ठ्यात घुसवू नका, भंगारवाला सगळा गठ्ठा परत करतो. डायपर आणि पॅड पेपरात गुंडाळून वर लाल खूण करा आणि वेगळे हातात द्या, सुक्यात लपवू नका. निर्माल्यातला दोरा आणि जरी काढा, मग ते ओल्यात जातं, गोदावरीत न्यायची काही गरज नाही. मोठ्या सोसायट्यांनी तर रोजचा कचरा एकदा वजन करून बघावाच, १०० किलो किंवा त्याच्या वर गेला की ओल्याची जबाबदारी मुख्यतः तुमच्या आवारातच येते, तेव्हा माझ्याकडे ड्रम मागायला येऊ नका.

स्पेशल केअर म्हणजे रंगाचे डबे, फुटके बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या. हे रोज निघत नाही, त्यामुळे त्याला चौथा मोठा डबा कशाला? माझ्याकडे माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, वर मार्करने लिहिलंय, दिवाळीची आवराआवर झाली की तो एकदाच नेऊन द्यायचा. बल्ब मात्र आधी पुठ्ठ्यात गुंडाळून.