जुनी आरसी बग्गी पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

सेकंडहँड आरसी, म्हणजे रेडिओने चालणारी छोटी रेसिंग बग्गी बहुधा एकाच अवस्थेत हाती येते. गिअरबॉक्सवर वाळलेला चिखल, गळून चिकट झालेले शॉक, एक सस्पेन्शन आर्म वाकडा, एक स्क्रू गायब, सोबत कधीची ते कोणालाच ठाऊक नसलेली बॅटरी आणि विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य: ‘मोटर बदला, लगेच पळेल.’ इतकी वर्षं पडून राहून तिचं जेवढं बिघडलेलं नसतं, तेवढं पुढच्या दोन संध्याकाळींत नवा मालक बिघडवतो.

‘बघू तरी चालते का’ म्हणून आधी बॅटरी लावणे

हा मोह सगळ्यांनाच होतो आणि सगळ्यांनाच महाग पडतो. बंद गिअरबॉक्समध्ये दगडाचा बारीक कण असतो, ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं, एखादं बेअरिंग गंजून अडलेलं असतं. हाताने ढकलली तर गाडी जागच्या जागी अडली असती, पण मोटर तशी अडत नाही. ती स्पर गिअरचे (मोटर ज्याला फिरवते त्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात खाऊन पुढे जाते. मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर असेल तर त्याचे काळे पडलेले संपर्क चिकटून गाडी फुल थ्रॉटलवरच राहू शकते.

क्रम असा ठेवा. मोटरचे दोन स्क्रू ढिले करून पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) स्परपासून दूर करा. मागची चाकं हाताने फिरवा आणि कान देऊन ऐका. करकर आली तर गिअरबॉक्स उघडायचाच. सर्व्होचं (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचं) लिंकेज काढून स्टिअरिंग बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कुठेही अडकता कामा नये, नाहीतर नवा सर्व्हो पहिल्याच दिवशी जळेल. मोटर गाडीबाहेर काढून एकटी फिरवा. हे सगळं झालं की मगच चाकं हवेत ठेवून वीज.

सोबत आलेली लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) फुगलेली असेल किंवा एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली असेल, तर ती चार्जरला लावायचीच नाही. ‘आधी चार्जरच्या निकेल बॅटरीच्या मोडवर थोडी उठवून घेऊ’ हा सल्ला देणाऱ्याच्या घरात कोणी बॅटरी चार्ज करू नये.

हाताला लागेल त्या पान्ह्याने स्क्रू काढणे

जुन्या बग्ग्या वयाने कमी आणि चुकीच्या ड्रायव्हरने जास्त मरतात. स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की पुढचं काम ड्रिलचं. म्हणून गाडी जपानी आहे की अमेरिकन हे आधी पाहा. टामिया, क्योशोसारख्या जपानी गाड्या मिलिमीटरमध्ये असतात, तर टीम असोसिएटेडची १९८४ सालची आरसी१० आणि तिच्या पिढीतल्या अमेरिकन गाड्या इंचात.

फरक किती? १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी. त्यात १.५ची ऍलन की आरामात जाते, फिरते आणि कोपरे खाऊन टाकते. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिमी. त्यात २ची की ठोकून बसवणारे आहेत. ती बसते, मात्र निघताना सॉकेट फाडून निघते. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमी. त्यात २.५ची जात नाही आणि २ची हलते, मग लोक पक्कड घेतात. इंचाचे चार ड्रायव्हर वेगळे ठेवले की हा सगळा तमाशा टळतो. एल-आकाराची, खोक्यातून फुकट आलेली की मुळीच नको; सरळ मुठीचा, टोक न झिजलेला ड्रायव्हर हवा. टोक गोल झालं की ते घासून पुन्हा सपाट करा किंवा बदला.

जपानी गाड्यांच्या प्लस स्क्रूंचंही तेच. ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही आणि जोर दिला की वर उसळतो. जेआयएसचा क्रमांक २चा ड्रायव्हर घेतला की हेच स्क्रू चुपचाप निघतात.

आट्यांचाही घोळ असाच. अमेरिकन गाड्यांतला ४-४० स्क्रू २.८४ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर ०.६३५ मिमी. एम३ स्क्रू ३ मिमी, अंतर ०.५. डोळ्याला दोन्ही सारखेच. ऍल्युमिनियमच्या भागात एकाच्या जागी दुसरा पिळलात की आटे गेले, आणि भाग शोधत बसा.

न निघणाऱ्या स्क्रूवर जोर वाढवू नका. धातूत लॉकटाइट (स्क्रू पक्का धरणारा गोंद) लावलेला स्क्रू असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा. लॉकटाइट मऊ होतं आणि स्क्रू सुटतो. प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला हीच युक्ती चार-पाच सेकंदच, त्याहून जास्त नाही. डोकं आधीच गोल झालं असेल तर किंचित मोठी टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराची) बिट हलके ठोकून बसवा.

आणि स्क्रू परत लावताना प्लॅस्टिकमध्ये थेट पिळू नका. आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो ‘टक’ करून खाली बसतो, मग सुलटा. हे न केल्यामुळे दर वेळी नवे आटे कापले जातात आणि चौथ्या-पाचव्या खेपेला भोक नुसतं गुळगुळीत उरतं. मग लोक सुपरग्लू ओततात. त्याबद्दल न बोललेलं बरं.

धुण्याच्या नावाखाली

पाण्याचा जोरदार फवारा चिखल आत ढकलतो, बेअरिंगमध्ये. आधी कोरडा ब्रश, मग सगळं सुटं करून साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. बेअरिंग, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याआधी बाहेर.

ब्रेक क्लीनर धातूसाठी आहे. त्यातले सॉल्व्हंट लेक्सानच्या (पॉलिकार्बोनेटच्या) बॉडीला बारीक तडे पाडतात आणि एबीएस प्लॅस्टिक विरघळवतात. ऍसिटोनचंही तेच. प्लॅस्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

जुने नायलॉनचे आर्म कोरडे पडून कडक होतात आणि पहिल्या धडकेत तुटतात. नायलॉनला हवेतली ओल लागते. पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून त्याच पाण्यात थंड होऊ दिले की लवचीकपणा बराच परत येतो. हा उपाय ऐकून कोणी एबीएसचं चॅसिसही पातेल्यात टाकतो आणि वाकडी केळी बाहेर काढतो. भागाच्या आतल्या बाजूला ‘पीए’ असा ठसा असेल तर तो नायलॉन. ठसा नसेल आणि खात्री नसेल तर उकळू नका. आधीच पांढरी रेघ पडलेला किंवा पिनच्या भोकाशी चिरलेला आर्म कितीही उकळला तरी गेलेलाच आहे.

बॉल डिफ ‘मोकळा’ करण्यासाठी तेल मारणे

हा या यादीतला सर्वांत चिडवणारा प्रकार. डिफ म्हणजे डिफरेन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. बॉल डिफ गिअर डिफसारखा दातांवर चालत नाही. त्यात दोन गुळगुळीत चकत्यांच्या मध्ये छर्रे दाबलेले असतात आणि सगळी ताकद त्या दाबातून जाते. छर्रा चकतीवर घसरला की डिफ संपला. त्यामुळे त्यात जातं ते खास सिलिकॉन डिफ ल्यूब, जे छर्ऱ्यांना फिरू देतं पण घसरू देत नाही. साधं ग्रीस, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे यांपैकी काहीही तिथे गेलं की पकड गेली.

पुढे काय होतं ते एका आरसी१०च्या कहाणीतून कळेल. मालकाला डिफ हाताला खरखरीत लागला, म्हणून त्याने गिअरबॉक्स न उघडताच फटीतून स्प्रे मारला. डिफ लोण्यासारखा फिरू लागला, मालक खूश. मैदानात गाडी सुरू होताना आतून भुंकल्यासारखा आवाज येऊ लागला. तो डिफ घसरण्याचा आवाज. त्याने डिफचा स्क्रू आवळला. आवाज कमी झाला, दुसऱ्या बॅटरीला परत आला. पुन्हा आवळला. मग त्याला वाटलं मोटरच कमी पडतेय, म्हणून जुनी ब्रश मोटर काढून जोरदार ब्रशलेस टाकली. घसरणाऱ्या छर्ऱ्यांनी चकत्या इतक्या तापवल्या की प्लॅस्टिकचा डिफ गिअर छर्ऱ्यांभोवती मऊ पडला आणि भोकं लांबट झाली. शेवटी आवळून आवळून थकलेला बारीक स्क्रू आउटड्राइव्हच्या (डिफमधून चाकाकडे ताकद नेणाऱ्या कपाच्या) आतच तुटला. दोन्ही आउटड्राइव्ह, गिअर, चकत्या, छर्रे, थ्रस्ट बेअरिंग (डिफच्या स्क्रूचा दाब पेलणारं), सगळं बदलावं लागलं. खरखर होती ती फक्त चकतीवर पडलेल्या एका चरीची.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, आणि म्हणूनच कोणी करत नाही. डिफ पूर्ण सोडवा. सगळे भाग अल्कोहोलने पुसून अगदी कोरडे करा. छर्रे बोटांत घोळवून पाहा. एकावरही सपाट डाग असेल तर सगळा संच बदला. चकत्यांवर चर असेल तर काच सपाट ठेवून तिच्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर चकती, आणि आठच्या आकड्यात घासा. चर जाईना, तर चकती उलटी वापरा किंवा नवी घ्या. छर्ऱ्यांना सिलिकॉन डिफ ल्यूबचा पातळ थर. थ्रस्ट बेअरिंगला मात्र काळं मॉलिब्डेनम ग्रीस. या दोन वंगणांची अदलाबदल ही स्वतंत्र चूक आहे, आणि लोक ती हौसेने करतात.

स्क्रू एका दमात आवळू नका. थोडा आवळा, आउटड्राइव्ह फिरवा, पुन्हा थोडा. गाडीत बसवल्यावर चाकं हवेत ठेवून, एक चाक धरून अगदी हलक्या थ्रॉटलवर अर्धा मिनिट चालवा, मग दुसरं चाक धरून. त्यानंतर पुन्हा तपासा, कारण छर्रे बसले की डिफ किंचित ढिला होतो.

स्लिपर (जास्त झटका आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) असलेल्या गाडीत तपासणी सोपी आहे. दोन्ही मागची चाकं घट्ट धरा आणि स्पर गिअर अंगठ्याने ढकला. आधी स्लिपर घसरला पाहिजे. डिफ आधी घसरत असेल तर स्लिपर ढिला करा किंवा डिफ थोडा कसा. जमिनीवर उभ्या गाडीला झटका दिला की स्लिपरचा आवाज पहिले दीड-दोन फूट यावा, मग थांबावा.

शॉक

दांडा पक्कडीत धरू नका. क्रोमवर एक ओरखडा पडला की तो ओ-रिंगला कापत राहतो आणि शॉक कायम गळतो. शॉकची खास पक्कड नसेल तर दांड्याभोवती जाड रबर गुंडाळा. तेल फक्त सिलिकॉनचं. इंजिन ऑइलने सिलिकॉनच्या ओ-रिंगा फुगतात. १/१० मापाच्या गाडीला सुरुवात ३० वेटपासून, म्हणजे साधारण ३५० सीएसटी (दोन्ही तेलाच्या जाडीची मापं). बाटलीवर वेट लिहिलंय की सीएसटी ते वाचा; ‘३५०’ आणि ‘३५’ ही एकाच जाडीची दोन नावं नाहीत.

तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वर-खाली करा, पिस्टन तेलाबाहेर येऊ देऊ नका, आणि पाच मिनिटं उभा ठेवून द्या. बुडबुडे स्वतःहून वर येतात. ठोकून, हलवून, फुंकून ते लवकर येत नाहीत.

बाकी किरकोळ, पण रोजच्या

बेअरिंग डोळ्याने निवडू नका. टामियात ५×११×४, बऱ्याच इतर गाड्यांत ५×१०×४, आणि जुन्या अमेरिकन गाड्यांत ३/१६×३/८ इंच. व्हर्नियरने आतलं, बाहेरचं आणि रुंदी मोजा. गंजलेलं बेअरिंग तेल घालून जिवंत होत नाही.

४८ पिचचा पिनियन ०.६ मॉड्यूलच्या (पिच आणि मॉड्यूल ही दातांच्या आकाराची मापं) स्परवर ‘चालतो’ असं वाटतं. चालत नाही, स्पर खातो. मेश (दोन गिअरच्या दातांमधलं अंतर) बसवताना दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर कसा आणि पट्टी काढून घ्या. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच.

लॉकटाइट धातू-धातूमध्ये, निळं, एक थेंब. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटजवळ नको, तडे जातात.

ब्रश मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर हवेत: प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या धातूच्या डब्यापर्यंत एकेक आणि दोन्ही टर्मिनलांमध्ये एक. ते तुटले असतील तर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक सर्व्होला दोष देतात.

जुना २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ आठवण म्हणून ठेवा. गाडीत २.४ गिगाहर्ट्झ टाका आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचं ते) न्यूट्रलवर सेट करून, ट्रान्समीटर बंद करून तपासा. काही जुन्या कंपन्यांच्या सर्व्होचा प्लग नव्या रिसीव्हरमध्ये बसतो पण लाल-काळी तार उलट असते. बसला म्हणजे जुळला असं नाही. सर्व्होच्या हॉर्नचे (दांड्यावर बसणाऱ्या फाट्याचे) दातेही मोजा: २३, २४ आणि २५ असे तीन प्रकार आहेत.

जुन्या स्पीड कंट्रोलरला लायपोचा कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की बंद करणारी सोय) नसतो. सोबत व्होल्टेज अलार्म लावा किंवा निकेल-मेटल हायड्राइडच वापरा.

टायर बोटाने दाबून काचेसारखे लागले तर ते शोकेससाठी. आतला स्पंजही भुगा झालेला असतो.

पहिल्याच दिवशी ब्रशलेस

टामियाच्या द हॉर्नेट किंवा द ग्रासहॉपरसारख्या १९८४च्या गाडीचा गिअरबॉक्स छोट्या, साध्या मोटरसाठी बनला होता. ग्रासहॉपरमध्ये तर ३८० मापाचीच मोटर यायची. त्यात वेडी ब्रशलेस टाकली की आधी आतले गिअर जातात, मग गिअरबॉक्सचं आवरण फाकतं. साधी २७ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ५४० मापाची मोटर, निर्मात्याच्या पुस्तिकेतला पिनियन, आणि तेवढ्यावर दोन-तीन बॅटऱ्या चालवा. वेगाचा हट्ट असेल तर तो नव्या गाडीवर भागवा.

पहिली बॅटरी पूर्ण संपवू नका. तीन मिनिटांनी थांबवून मोटरचं तापमान पाहा. ७०-७५ अंशांच्या वर असेल तर पिनियन एक-दोन दातांनी लहान करा. त्याच थांब्यात मोटरचे स्क्रू, पिनियनचा ग्रब स्क्रू आणि चारही चाकांचे नट पुन्हा कसून घ्या, कारण पहिल्या फेरीत यांपैकी किमान एक ढिला झालेला असतोच.