‘लेस’ घ्यावे की ‘फ्यूअर’?

मराठीत ‘कमी पाणी’ आणि ‘कमी पुस्तके’ या दोन्ही ठिकाणी एकच शब्द पुरतो. त्यामुळे इंग्रजी लिहिताना ‘लेस’ घ्यावे की ‘फ्यूअर’, अशी शंका येणे साहजिक आहे. अशा वेळी प्रथम पुढचे नाम पाहावे. ते अनेकवचनी असून त्यातील वस्तू एकेक करून मोजता येत असतील, तर ‘फ्यूअर बुक्स’ असे लिहावे. पाणी किंवा वेळ यांसारखे मापाचे नाम असेल, तर ‘लेस’ वापरावे. ‘लगेज’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ ही नामे आपल्याला मोजण्याजोगी वाटली, तरी इंग्रजीत त्यांचे अनेकवचन होत नाही, म्हणून तेथेही ‘लेस’च येते.

खरी गफलत होते ती आकडा समोर आल्यावर. पाच किलोमीटर, 500 रुपये किंवा दोन तास यांत संख्या आणि अनेकवचन दोन्ही असले, तरी बोलणाऱ्याच्या मनात एकच सलग अंतर, रक्कम किंवा अवधी असतो. त्यामुळे ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ हेच स्वाभाविक ठरते आणि तेथे हट्टाने घातलेले ‘फ्यूअर’ कानाला खटकते.

हा नियम इंग्रजीइतका जुना मात्र नाही. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लेस’ शतकानुशतके रूढ होते. 1770 मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी अशा ठिकाणी ‘फ्यूअर’ अधिक बरे वाटते, एवढेच मत नोंदवले आणि पुढच्या वैयाकरणांनी त्याचा दंडक केला. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने 2008 मध्ये थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या बिल-काउंटरवरची ‘टेन आयटम्स ऑर लेस’ ही पाटी बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ असा मजकूर निवडला, म्हणजे वादाचा शब्दच टाळला. परीक्षेत व औपचारिक लेखनात नियम पाळावा. दुसऱ्याच्या बोलण्यात तो शोधत बसू नये.

‘लेसर’ हे मात्र महत्त्व किंवा आकार यांतील उणेपणा दाखवणारे विशेषण असून ते नामाआधी येते. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या ‘लेसर फ्लेमिंगो’च्या नावात ते आकारासाठीच आहे.

‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ यांत फारसे अडकू नये: प्रत्यक्ष अंतरासाठी दोन्ही चालतात, पण ‘आणखी’ या अर्थी, उदाहरणार्थ ‘फर्दर इन्फर्मेशन’मध्ये, केवळ ‘फर्दर’च घ्यावे. ‘एल्डर’ घरातील नात्यांत शोभते, परंतु त्यापुढे ‘दॅन’ येत नाही. तुलना करायची असल्यास ‘ओल्डर दॅन’ लिहावे.