सणाच्या विनोदी सिनेमात एकटेपणा लिहिताय? या चुका टाळा

सणाच्या दिवसांत घडणारी, एकट्या माणसाची आणि कुटुंबाची विनोदी गोष्ट लिहायला घेतली की पटकथा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकते. पूर्वार्धात धमाल असते. मध्यंतरानंतर लेखकाला आठवतं की आपल्याला काहीतरी हळवंही सांगायचं होतं, आणि तिथून पुढे विनोद गायबच होतो. वाचणाऱ्याला दोन वेगळे सिनेमे वाचल्यासारखं वाटतं. यावर सहसा केला जाणारा उपाय म्हणजे उत्तरार्धात दोन विनोदी प्रसंग घालायचे आणि पूर्वार्धात एक रडका. त्याने फरक पडत नाही, कारण मूळ दुखणं तसंच राहतं. हसू एका गोष्टीतून येत असतं आणि एकटेपणा दुसऱ्याच गोष्टीतून. ही दोन्ही एकाच कृतीतून, जमलं तर एकाच वस्तूतून यायला हवीत. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एकटेपणा पात्राच्या तोंडून वदवणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. पात्र खिडकीशी उभं राहतं, समोरच्या घरात दिव्यांच्या माळा दिसतात, आणि ते कुणाला तरी फोनवर सांगतं की यंदाही मी एकटाच आहे. प्रेक्षकाला माहिती मिळते, पण त्याला काही जाणवत नाही. शिवाय एवढं सांगून झाल्यावर लगेच विनोद करणं अवघड होऊन बसतं.

बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर बढतीच्या आशेने आपला फ्लॅट वरिष्ठांना त्यांच्या भानगडींसाठी वापरायला देतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लिफ्ट चालवणारी फ्रॅन त्याच फ्लॅटमध्ये झोपेच्या गोळ्या घेऊन जीव द्यायला बघते, आणि पुढचे दिवस बॅक्स्टर तिची शुश्रूषा करतो. एकदा तो तिच्यासाठी स्पॅगेटी करतो आणि गाणं गुणगुणत ती टेनिसच्या रॅकेटवर निथळतो. आपण खळखळून हसतो. या माणसाच्या स्वयंपाकघरात आजवर कुणी डोकावलेलंच नाही, म्हणून त्याला स्वतःला यात काही वावगं वाटत नाही. हे सिनेमा बोलून दाखवत नाही, आपल्या ते हसता हसता लक्षात येतं. पुढे फ्रॅन निघून गेलेली असते, बॅक्स्टर घर सोडायच्या तयारीत सामान बांधत असतो, आणि त्या रॅकेटवर स्पॅगेटीचा एक धागा चिकटलेला त्याला दिसतो. वस्तू तीच, पण आता हसू येत नाही. या क्षणासाठी वाइल्डर आणि त्याचा सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांना एकही हळवा संवाद लिहावा लागला नाही.

तुमच्या ड्राफ्टमध्ये पात्र आपला एकटेपणा बोलून दाखवत असेल तर ते वाक्य खोडा आणि त्या जागी प्रश्न लिहा. हा माणूस जेवतो कुठे बसून? त्याच्या घरात ताटं किती? दिवसभरात त्याचं पहिलं बोलणं कुणाशी होतं? एकटं राहून राहून माणसाला काही सवयी जडतात, आणि त्या सवयी बाहेरून बघणाऱ्याला हमखास मजेशीर वाटतात. दवाखान्याच्या तारखेची आठवण करून देणारा रेकॉर्डेड कॉल शेवटपर्यंत ऐकून घेऊन, फोन ठेवताना त्या आवाजाला ‘बरं, काळजी घ्या’ म्हणणारा म्हातारा घ्या. प्रसंग विनोदी आहे, आणि त्याच्याविषयी आणखी काही सांगायची गरज उरत नाही.

एकटं पडण्याचं कारण सोयीने जुळवणं

गाडी चुकते, विमान रद्द होतं, बॅटरी संपते. अशा कारणांनी माणूस एका जागी अडकतो, पण तेवढ्याने तो एकटा पडत नाही. इथे दोन पातळ्या लागतात: घटनांची साखळी पटणारी हवी, आणि त्या साखळीच्या मुळाशी कुणाच्या तरी मनातली टोचणी हवी.

‘होम अलोन’ (१९९०) मारामारीसाठी आणि सापळ्यांसाठी लक्षात राहतो, पण लिहिणाऱ्याने त्याची पहिली वीस-पंचवीस मिनिटं कागद-पेन घेऊन पाहावीत. जॉन ह्यूजेसची पटकथा आठ वर्षांच्या मुलाला घरात विसरून जाणं शक्य वाटावं म्हणून केवढे कष्ट घेते! आदल्या रात्रीच्या भांडणात दूध सांडतं, ते पुसताना केव्हिनचं तिकीट टिश्यूंबरोबर कचऱ्यात जातं. रात्री वाऱ्याने वीज जाते, गजर होत नाहीत, सगळे उशिरा उठतात. पळापळीत मुलं मोजली जातात तेव्हा सामानात नाक खुपसायला आलेल्या शेजारच्या मुलाचं डोकं मोजणीत धरलं जातं. टेलिफोनच्या तारा बिघडलेल्या असल्यामुळे परदेशातून आईला घरी फोनही लावता येत नाही. एकेक पळवाट बंद केलेली आहे. तरीही हा सगळा यांत्रिक भाग झाला. आदल्या रात्री शिक्षा म्हणून माळ्यावर पाठवलेल्या केव्हिनने घरचे सगळे नाहीसे व्हावेत अशी इच्छा केलेली असते, आणि त्याला तिथे पाठवणारी त्याची आईच असते. म्हणून घर रिकामं झाल्याचा त्याचा आनंद आणि विमानात बसलेल्या आईची घालमेल एकाच भांडणातून येतात.

आज तारा तुटलेल्या दाखवून भागत नाही, सगळ्यांच्या खिशात फोन असतो. त्यावर रेंज घालवणं हा सगळ्यात कच्चा उपाय. फोन चालू राहू द्या. सणाच्या सकाळी पात्राला चाळीस शुभेच्छा येतात, सगळ्या फॉरवर्ड केलेल्या, एकीतही त्याचं नाव नाही, आणि तो बसून प्रत्येकीला वेगळं, मन लावून लिहिलेलं उत्तर पाठवतो. संपर्क तुटलेला नसतानाचा एकटेपणा आजच्या प्रेक्षकाला जास्त ओळखीचा आहे.

एकटा माणूस म्हणजे गरीब बिचारा

लेखकाचा जीव पात्रात अडकतो आणि तो त्याला निर्दोष करून टाकतो. सगळे वाईट, हा एकटाच चांगला. मग विनोद करायचा कुणावर? उरतात खाष्ट नातेवाईक, आणि तेही व्यंगचित्रासारखे होत जातात.

‘प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स’ (१९८७) मधला डेल ग्रिफिथ खरोखरच असह्य आहे. तो थांबत नाही, गप्प बसत नाही, समोरच्याला जागा ठेवत नाही. थँक्सगिव्हिंगसाठी घरी पोचायची धडपड करणारा नील मोटेलच्या खोलीत एकदाचा त्याच्यावर फुटतो आणि त्याचे दोष मोजून दाखवतो. आपण नीलच्या बाजूने हसत असतो. मग कॅमेरा डेलच्या, म्हणजे जॉन कँडीच्या, चेहऱ्यावर जातो आणि हसणं आपल्याच घशात अडकतं. डेलच्या बायकोला जाऊन आठ वर्षं झाली, त्याला जायला घर नाही, हे मात्र अगदी शेवटी कळतं. तोवर तिचा फोटो आणि सगळीकडे फरफटत नेलेली ती अवजड ट्रंक आपल्या डोळ्यांसमोरच असते. शेवटचा खुलासा पटतो तो यामुळेच, कारण नीलही ट्रेनमध्ये बसून तेच तुकडे जोडत असतो.

त्यामुळे आधी तुमच्या एकट्या पात्राचा त्रास होऊ द्या. त्याचे दोष खरे असू द्यात, आणि त्यातला एखादा तरी एकटेपणातूनच वाढलेला असू द्या. खुलासा शेवटी करायचा असेल तर त्याच्या खुणा विनोदी प्रसंगांत पेरा. गंभीर प्रसंगात पेरलेली खूण प्रेक्षक लगेच ओळखतो.

मुखवट्याची कल्पना फार लवकर खर्च करणं

भाड्याचं कुटुंब, खोटी बायको, उसने आईवडील: या प्रकारात ही कल्पना परत परत येते. ‘सर्व्हायव्हिंग ख्रिसमस’ (२००४) मध्ये जाहिरात क्षेत्रातला एक श्रीमंत माणूस आपल्या बालपणीच्या घरात आता राहणाऱ्या कुटुंबाला अडीच लाख डॉलर देऊन सणापुरतं आपलं कुटुंब व्हायला सांगतो. कल्पनेत दम आहे. तरी सिनेमा पडला, आणि माझ्या मते त्याचं कारण पैशात आहे. एकदा रक्कम ठरली की घरातल्यांनी चिडणं, नाकारणं, कंटाळणं यांना धार राहत नाही. करार झालाय, सहन करा. नायकाच्या लहानपणाची खरी हकीकतही इतक्या उशिरा कळते की तोवर तो फक्त हट्टी श्रीमंत वाटत राहतो. अशी गोष्ट लिहायची असेल तर व्यवहारात मावणार नाही असं काहीतरी पहिल्याच दिवशी मागितलं जाऊ द्या. ‘आईने रात्री दिवा बंद करायला यावं’ एवढी मागणीसुद्धा पुरे. तिची किंमत ठरवता येत नाही, आणि ती मागताना माणूस हास्यास्पदही दिसतो.

जेवणाच्या टेबलावर नुसती गर्दी

बारा नातेवाईक, बारा विनोदी वाक्यं, लक्षात कुणीच राहत नाही. तिघांना काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, एवढं ठरवा. बाकीच्यांनी भाजी वाढली तरी चालेल.

पार्श्वसंगीताचंही थोडक्यात. पटकथेत ‘मंद व्हायोलिन’ लिहिलेलं दिसलं की तिथे कृती कमी पडलीय असं समजा. ‘द होल्डओव्हर्स’ (२०२३) मध्ये व्हिएतनाम युद्धात मुलगा गमावलेली मेरी नाताळच्या पार्टीत रेकॉर्ड लावत राहते आणि नंतर स्वयंपाकघरात कोसळते. संगीत तिच्या हातात आहे, तिच्या दुःखाचा भाग म्हणून. डाव्हाइन जॉय रँडॉल्फला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

शेवटी सगळ्यांना एकत्र आणायची घाई

सणाचा सिनेमा म्हणजे शेवट गोड, हे मान्य. पण गोड शेवट म्हणजे सगळे एका छताखाली, असं नाही. ‘द होल्डओव्हर्स’ मध्ये सुट्टीत शाळेत मागे राहिलेला विद्यार्थी, खडूस मास्तर आणि आचारीण मेरी यांचं कुटुंबासारखं काहीतरी जमतं, आणि तरी शेवटी मास्तर मुलाला वाचवण्यासाठी नोकरीवर पाणी सोडून निघून जातात. दोघं फक्त हात मिळवतात. सहवास दोन आठवड्यांचाच असला तरी त्याची किंमत कुणीतरी मोजली, म्हणून तो खरा वाटतो.

‘होम अलोन’ मध्ये पुनर्भेट आहे, पण ती मिळवलेली आहे. शेजारचा म्हातारा मार्ली चर्चमध्ये का येतो? मुलाशी भांडण झाल्यामुळे त्याला नातीचं गाणं रात्री सगळ्यांबरोबर ऐकता येणार नसतं, म्हणून तो सरावाच्या वेळी येऊन बसतो. केव्हिन त्याला मुलाला फोन करायला सुचवतो. शेवटी आपल्याला खिडकीतून फक्त मिठी दिसते, त्या फोनवर काय बोलणं झालं ते कधीच कळत नाही.

तुमचा समेट खोटा वाटत असेल तर दोन गोष्टी तपासा. माफी मागणाऱ्याला त्यासाठी काही सोडावं लागलं का? आणि समेट होण्याआधी नकाराची खरी शक्यता होती का? दोन्हींचं उत्तर नाही आलं तर संवाद घासूनपुसून उपयोग नाही. मागे जाऊन भांडण पुन्हा लिहा, कारण ते फार किरकोळ असणार.

ड्राफ्ट पुरा झाला की चार-पाच जणांना बसवून मोठ्याने वाचून घ्या, आणि ऐकणाऱ्यांत सिनेमाशी संबंध नसलेला एकजण तरी असू द्या. जिथे लोक हसतात त्या ओळीसमोर एक खूण करा, जिथे खोली शांत होते तिथे दुसरी. या दोन खुणा एकमेकींपासून वीस-वीस पानं लांब पडत असतील तर कामाला सुरुवात शांत झालेल्या पानांपासून करा. त्या पानांवर पात्राच्या हातात काय आहे ते बघा, आणि तीच वस्तू पहिल्या वीस पानांत एखाद्या विनोदी प्रसंगात आणा.