टांगत्या कुंड्यांची तयारी: आधी आकडा, मग रोप

टांगत्या कुंडीत काही लावायचं ठरलं की रोपं आणायच्या आधी छताकडे बघा. ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत ८ ते १० लिटर मिश्रण मावतं आणि पाणी घातल्यावर साखळी-रोपासकट वजन १० ते १२ किलोपर्यंत जातं. म्हणून छताचा आकडा (हूक) किमान २५ किलो पेलणारा घ्या आणि स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, बसवा. फॉल्स सीलिंग किंवा नुसता गिलावा यांच्या भरवशावर कुंडी टांगू नका. आकडा बसल्यावर पाण्याने भरलेली मोठी बादली रात्रभर टांगून ठेवा. तो जरासुद्धा सैल झाला तर काढून नव्याने बसवा. सुतळी ओलीने कुजते, नायलॉनची दोरी उन्हात कडक होऊन तुटते, तेव्हा साखळीच बरी. उंची इतकीच ठेवा, की स्टुलाशिवाय मिश्रणात बोट घालून ओल बघता येईल.

काथ्याची टोपली दिसते सुंदर, पण चारी बाजूंनी सुकते. आत खालच्या अर्ध्या भागात प्लास्टिकचा कागद घाला आणि त्याला चार-पाच भोकं पाडा.

बागेतली माती नकोच. ती जड असते आणि टांगत्या कुंडीत पाणी घालून घालून दगडासारखी घट्ट बसते. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, अर्धा भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजून ८-९ लिटर होते. तिच्यात क्षार असू शकतात, म्हणून दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. वर तीन सेंटिमीटर जागा रिकामी सोडा, नाहीतर पाणी काठावरून ओघळून जातं.

एवढ्या कुंडीत स्ट्रॉबेरीची तीनच रोपं लावा. जिथून पानं फुटतात तो गड्डा नेमका मिश्रणाच्या पातळीत हवा: गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. फळं धरत असताना धावत्या फांद्या (रोपातून बाहेर पसरणाऱ्या लांब, बारीक काड्या) कापून टाका. चेरी टोमॅटो एका कुंडीत एकच, तोही खाली लोंबणारा बुटका वाण. याला सहा तास तरी थेट ऊन लागतं. पेटुनियाची तीन-चार रोपं चालतात, शेंडे खुडत राहिलात तर भरगच्च होतात. पाण्याची आबाळ होणार असेल तर पोर्तुलाका लावा.

खरी परीक्षा पाण्याची. कडक उन्हात आणि वाऱ्यात दिवसातून दोनदाही पाणी लागतं. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की आकसून कडेपासून सुटतं. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून लगेच खाली गळतं आणि मुळं कोरडीच राहतात. गळतंय म्हणजे भिजलं, असं समजू नका. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर उतरवून अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवा. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे: पाण्याचा ओघ तुटला की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही.

रोज पाणी घातल्याने खतही वाहून जातं. रोपं रुजल्यावर दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात द्या, कळ्या दिसल्या की पोटॅश (पालाश) जास्त असलेलं खत. सुक्या मिश्रणात खत घालू नका, मुळं भाजतात. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवा. बाल्कनीत मधमाश्या येत नसतील तर टोमॅटोचा फुलोरा बोटाने टिचका आणि स्ट्रॉबेरीच्या फुलांवरून मऊ ब्रश हलका फिरवा.