विनोदी मालिकेच्या लेखकाने निर्माता कसे व्हावे

अमेरिकेतील विनोदी मालिकांमध्ये लेखकांच्या गटात अगदी कनिष्ठ म्हणून शिरलेला माणूस पायरी-पायरीने कार्यकारी निर्माता होऊ शकतो आणि मग मालिकेची सूत्रे त्याच्याच हाती येतात. आपल्याकडे लेखकासाठी अशी शिडी कोणी लावून ठेवलेली नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि कार्यक्रम वाहिनीचा, अशी येथील वाटणी असते. त्यामुळे ज्याला पुढे स्वतःचा कार्यक्रम उभा करायचा आहे, त्याने निर्मितीचे शिक्षण लिहिता लिहिताच घेतले पाहिजे, आणि ते पहिल्या संहितेपासून घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात रंगमंचावरून करावी. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक किंवा मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानतर्फे होणारी सवाई एकांकिका स्पर्धा अशा ठिकाणी प्रेक्षक समोर बसलेला असतो आणि विनोद फसला की त्याच क्षणी कळते. प्रयोग चालू असताना संहितेची प्रत हातात ठेवावी आणि हशा नेमका कोणत्या शब्दावर आला, याची खूण समासात करावी. लेखकाला अपेक्षित असलेली जागा आणि हशाची खरी जागा यांत बहुतेक वेळा फरक निघतो, आणि सगळे शिकणे त्या फरकातच आहे.

एक उदाहरण घ्या. ‘छतातून आमच्या घरात चोवीस तास पाणी येतं,’ हे वाक्य केवळ तक्रार आहे. तेच पात्र सोसायटीच्या बैठकीत, शेजाऱ्याने पाणीकपातीचे रडगाणे गाऊन झाल्यावर, ‘आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं,’ असे म्हणून थांबते, सगळ्या माना त्याच्याकडे वळतात आणि मग ते म्हणते, ‘छतातून.’ शब्द जवळजवळ तेच आहेत. फक्त गुपित शेवटपर्यंत राखले आहे. त्या एका शब्दानंतर आणखी चार शब्द लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण हशात ते ऐकूही येत नाहीत.

स्किट लिहिता येणे ही एक गोष्ट झाली आणि शंभर भाग लिहिता येणे ही वेगळीच. मालिका प्रसंगांवर तगत नाही, स्वभावांवर तगते. २००४ साली सुरू झालेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या हिंदी मालिकेत सासू मायाचा उच्चभ्रू ताठा आणि सून मोनिशाची मध्यमवर्गीय काटकसर एका घरात आणून ठेवली होती, तेवढ्यावर कोणताही क्षुल्लक विषय भागभर पुरत असे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्येही दिलीप प्रभावळकरांच्या लेखनातून आलेले एक साधे कुटुंब होते आणि प्रत्येकाची जगाकडे पाहण्याची रीत ठरलेली होती. म्हणून वाहिनीकडे जाताना केवळ पहिला भाग नेऊ नये. मुख्य पात्रांची ओळख, त्यांच्यातील कायमचा तंटा आणि किमान दहा भागांच्या दोन-तीन ओळींच्या कल्पना लिहून न्याव्यात. नियमानुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्या हिशेबाने अर्ध्या तासाच्या भागात मजकूर साधारण २२ ते २४ मिनिटांचा धरावा आणि संहिता मोठ्याने वाचून, घड्याळ लावून मोजावी.

आता निर्मात्याच्या नजरेकडे येऊ. ‘नवरदेव घोड्यावरून येतो, मागे वरात,’ हे लेखकाचे अर्धे वाक्य आहे. निर्मात्यासाठी मात्र ते घोडा, त्याचा सांभाळ करणारा माणूस, बँडवाले, वीस-पंचवीस ज्युनिअर आर्टिस्ट, त्यांचे कपडे, जेवण आणि कदाचित रात्रीची जादा शिफ्ट आहे. त्याऐवजी दिवाणखान्यात मुलीचे वडील खिडकीशी उभे राहून बाहेरच्या बँडच्या आवाजावर घोड्याचे वर्णन करू लागले आणि घोडा उलट्या दिशेने निघाल्याचे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले, तर खर्च एका ध्वनिफितीचा होतो आणि विनोद नटाच्या हाती येतो. प्रत्येक संहितेचे असे ब्रेकडाउन स्वतः करून पाहावे: जागा किती, पात्रे किती, एका दिवसात चित्रीकरण उरकेल का. जमल्यास काही काळ कार्यकारी निर्मात्याच्या हाताखाली सेटवर काम करावे.

हक्कांच्या बाबतीत भिडस्तपणा सोडावा. नुसत्या कल्पनेवर मालकी सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. संरक्षण मिळते ते लिहून काढलेल्या मांडणीला. म्हणून संहिता कोणालाही ऐकवण्यापूर्वी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवून तारखेचा पुरावा ठेवावा. हक्कांचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते आणि करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते. याच कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला आहे. मात्र तुम्ही पगारी नोकरीत असाल आणि वेगळा करार नसेल, तर त्या कामातील लेखनाचा पहिला मालक नोकरी देणाराच ठरतो. ही बाब अनेकांना फार उशिरा कळते.

निर्मितीत एकट्याने उडी घेण्यापेक्षा जोडी जमवणे शहाणपणाचे आहे. आतिश कपाडिया लेखनाकडे आणि जे. डी. मजेठिया निर्मितीकडे, या जोडीने गुजराती रंगभूमीवरून येऊन हिंदी विनोदी मालिका उभ्या केल्या. मराठीत २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मागे सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी अशी लेखक-दिग्दर्शकाची जोडी आहे.

जोडीदार निवडताना पैशाचे गणित येणारा माणूस पाहावा. वाहिनी प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम देते, पण ती भाग दिल्यानंतर, अनेकदा सुमारे ९० दिवसांनी हाती येते. आठवड्याला दोन भाग असतील, तर पहिला धनादेश येईपर्यंत तेरा आठवड्यांत २६ भागांचा खर्च आपल्याला करावा लागतो. एवढी सोय नसेल, तर आधी मर्यादित भागांचे काम मागावे किंवा मोठ्या निर्मितीसंस्थेबरोबर भागीदारी करून श्रेयनामावलीत लेखनाबरोबर सहनिर्मितीचाही उल्लेख करून घ्यावा, आणि मालिका अचानक बंद झाल्यास चित्रित झालेल्या पण प्रसारित न झालेल्या भागांचे पैसे कोण देणार, हे कलम सही करण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे.