मालवणला जायचे असेल, तर तिकीट कुडाळचे काढा

कोकण रेल्वेवर ‘सिंधुदुर्ग’ नावाचे स्थानक आहे खरे, पण नावावरून फसून तेथील तिकीट काढू नये. हे स्थानक जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी, म्हणजे ओरोससाठी सोयीचे आहे. सिंधुदुर्ग किल्ला मात्र मालवणच्या समुद्रात आहे आणि या स्थानकावर थांबणाऱ्या गाड्याही मोजक्याच आहेत.

मालवणकडे निघालेल्या प्रवाशाने कुडाळला उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मालवण तेथून साधारण तीस किलोमीटर आहे आणि रात्री मुंबईहून सुटणारी कोकणकन्या सकाळी कुडाळला पोहोचते, त्यामुळे पुढचा सगळा दिवस हाताशी राहतो. स्थानकाबाहेर रिक्षा उभ्या असतात. सामान आत ठेवण्यापूर्वीच भाडे ठरवावे आणि एसटीनेच जायचे असल्यास रिक्षाने आधी बसस्थानक गाठावे. मे महिन्यात परतताना आंब्याची पेटी सोबत असेल, तर ती सुतळीने आडवी-उभी घट्ट बांधून घ्यावी, कारण कुडाळला गाडी थोडाच वेळ थांबते. पावसाळ्यात रुळांलगतच्या डोंगरउतारांवरून दरडी कोसळण्याच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रकही वेगळे असते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा पाहून घ्यावी.